मुसळामागचा डबा

आमच्या वसाहतीत तेव्हा नळ नव्हता. शेताचे प्लॉट पाडले होते, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, आणि त्या रेघांवर लोकांनी पत्र्याची, विटांची घरं उभी केली होती. शहर आपल्याकडं चालत येतंय, असं आमचे हे म्हणायचे. लाईट येईल, रस्ता येईल, पाणी येईल. लाईट आली. रस्ता अर्धा आला. पाणी टँकरनं यायचं, आणि त्या साली टँकरचाही भरवसा राहिला नव्हता, कारण लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता.

आम्ही पाचोडकडच्या गावातले. हे वाळूजला कंपनीत लागले, मागोमाग धाकटे दीर लागले. त्यांना मी भावजी म्हणायची. गावातली विहीर आटली तशा सासूबाईही आमच्याकडं आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. टेम्पोत सामान भरताना आत्याबाईंनी दोनच जड वस्तू घेतल्या, जातं आणि मुसळ. मुसळ बाभळीचं होतं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची हळकुंडं त्या मुसळानं कांडलेली. माझ्या लग्नातला हळदीचा दोरा अजून त्याच्या मधोमध बांधलेला होता, रंग जाऊन नुसता काळा पडलेला. आता भावजींचं लग्न राहिलं होतं. मुली बघणं चालू होतं.

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. रिकामे ड्रम रस्त्यावर ठेवले तर चोरीला जायचे. म्हणून बायकांनी एक रीत पाडली होती. उजाडलं की आपापल्या नंबरावर घरातली एक वस्तू ओळीत ठेवायची आणि कामाला लागायचं. टँकरचा हॉर्न ऐकला की ड्रम घेऊन आपल्या वस्तूपाशी जायचं. सुरुवातीला सगळ्या विटा ठेवायच्या, पण विटा सारख्या दिसतात, येता-जाता कुणीही पायानं पुढं-मागं करायची. मग ओळखू येतील अशा वस्तू आल्या. कुणाचं टायर, कुणाचा वरवंटा, कुणाची फुटकी कुंडी. बायका एकमेकींना हाकाही त्याच मारायच्या. ए टायरवाले, ए वरवंटेवाले.

मी मोडकी बादली ठेवायची. ती दोनदा कुणीतरी भिरकावून दिली. मला भांडता येत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझा गळा बसतो, शाळेतही बसायचा, आणि चौथीनंतर शाळा सुटल्याचं मला वाईट वाटलं नव्हतं ते त्यामुळंच. रिकामे ड्रम घेऊन मी परत आले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मुसळ ठेव उद्यापासनं. लग्नाच्या मुसळाला कोण पाय लावतंय ते बघते मी."

कुणी लावला नाही. मी मुसळवाली झाले.

माझ्या मागचा नंबर एका रंगाऱ्याच्या बायकोचा होता. तिचा नवरा नव्या इमारतींना रंग द्यायला जायचा. त्या वर्षांत इमारती लई उठत होत्या, बांधकामाला पाणी कुठून मिळायचं देव जाणे. ती त्याचा रंगाचा रिकामा डबा ओळीत ठेवायची, बाहेरून निळे ओघळ आलेला. ती डबेवाली. माझ्या अगदी उलट होती ती, तोंडाचा पट्टा सारखा चालू.

"मुसळवाले, अगं कधीतर बोल! बोलायला पाणी लागत नाय."

मी हसायची.

"हसायला बी लागत नाय म्हणा," ती म्हणायची.

माझ्या अंगात ताप होता तेव्हा तिनं माझे ड्रम भरून दारात आणून ठेवले होते. एवढंच सांगते तिच्याबद्दल. पुढचं वाचताना ते लक्षात राहावं.

त्या दिवशी टँकर दोन दिवसांच्या खाड्यानंतर आला, तोही अर्धाच भरलेला. दुपार कलली होती. भावजी पहिली पाळी करून नुकतेच आले होते, जेवणाचा डबा घरात ठेवून मला ड्रम उचलू लागायला आले. डबेवालीचा नवराही त्या दिवशी घरी होता. आमच्या पुढच्या दोघींचं भरून झालं आणि टँकरवाला ओरडला की आता थोडंच राहिलंय. तसा डबेवालीच्या नवऱ्यानं पाईप ओढून आपल्या ड्रमात घातला.

भावजी म्हणाले, "अरे, ओळीनं ये की."

"ओळ काय तुह्या बापानं आखली का?"

"बाप काढू नको."

"काढला. काय करतो?"

असं बोलणं रोज व्हायचं. बायकांत तर ह्याच्यापेक्षा वाईट व्हायचं. भावजींनी पाईपला हात घातला, त्यानं त्यांना ढकललं, ते मागं ओळीतल्या वस्तूंवर पडले आणि पाईप सुटून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. "पाणी चाललं! पाणी!" म्हणून बाकीच्या बायका पाईपकडं धावल्या. डबेवाली तिच्या ड्रमापाशीच राहिली, आणि मी धावले नाही, कारण भावजी पडले होते. ते उठले तेव्हा त्यांच्या हातात मुसळ होतं. पडताना हाताला लागलं ते धरून उठले. एकदाच मारलं. ज्याला लागलं तो खाली बसला. भावजींनी मुसळ टाकलं आणि स्वतःच त्या माणसाकडं बघत उभे राहिले, जणू मारणारा दुसराच कुणी होता.

तो माणूस उठला. डोकं धुतलं. "काय नाय, काय नाय," म्हणाला. त्यानं आपला ड्रमसुद्धा भरून घेतला. आम्हाला वाटलं, मिटलं.

आत्याबाई आवाज ऐकून आल्या होत्या. मुसळ चिखलात पडलेलं बघून त्यांचा जीव खालीवर झाला. लग्नाचं मुसळ, अजून एक लग्न व्हायचं. त्यांनी ते उचललं, घरी आणलं, मोरीत नेऊन दोन तांबे पाणी ओतून धुतलं, पदरानं पुसलं आणि जात्यामागं त्याच्या जागी उभं केलं. ज्या पाण्यासाठी मारामारी झाली त्यातलंच पाणी. तेव्हा तो माणूस जिवंत होता, दोन घरं सोडून आपल्या ओट्यावर बसला होता. कुणाला काय लपवायचं होतं?

दिवस मावळताना त्याला उलट्या व्हायला लागल्या. सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पोलीस आले, भावजींना घेऊन गेले, आणि नंतर त्यांना घेऊनच परत आले. हत्यार कुठं आहे विचारलं. भावजींनाही माहीत नव्हतं, ते आत्याबाईंकडं बघू लागले. आत्याबाईंनी हात करून जातं दाखवलं. सोबत आणलेल्या दोन पंचांसमोर कागद लिहिला गेला, की आरोपीनं राहत्या घरातून, जात्यामागून, धुतलेलं मुसळ काढून दिलं. घरातून, हे खरं. जात्यामागून, हे खरं. धुतलेलं, हेही खरं. कड्याच्या फटीत राहिलेलं रक्त नंतर तपासणीत निघालं. पुरावा नाहीसा केला म्हणून आत्याबाईंनाही आरोपी केलं. त्यांना जामीन मिळाला, भावजींना नाही.

मला वाटायचं, कोर्ट एवढंच बघतं की मारलं का नाही मारलं. तसं नसतं. कोर्ट त्याच्या पुढं जातं. मारताना माणसाच्या मनात काय होतं ते त्याला बघायचं असतं. पण मन कुणाला दिसत नाही, म्हणून ते भोवतालच्या गोष्टी बघतं. हत्यार कोणतं, ते कुठून आणलं, शरीरावर कुठं मारलं, किती वेळा मारलं, मारल्यावर काय केलं. त्यावरून ते मनात शिरतं. ठरवून, जीव घ्यायचाच म्हणून मारलं असेल तर खून, आणि त्याला जन्मठेप, नाहीतर फाशी. अचानक भांडण पेटलं, तयारी नव्हती, हाताला लागलं ते उचलून मारलं आणि माणूस गेला, तर मरण तेच पण कलम दुसरं, शिक्षा कमी. हे मला औरंगपुऱ्यात वकिलाच्या ऑफिसात कळलं. कापडाच्या दुकानावर ऑफिस होतं. आत्याबाई आणि हे खुर्चीवर बसले होते, मी दाराजवळच्या बाकावर.

वकील वाईट नव्हता. त्यानं सगळं समजावून सांगितलं.

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक, आपला माणूस मारणारा नव्हताच. गर्दी होती, कुणी मारलं कुणाला दिसलं नाही. साक्षीदार टिकले नाहीत तर पूर्ण सुटेल. दुसरा, होता, मारलं, पण अचानक. मग सुटणार नाही, काही वर्षं जातील. दोन्ही रस्त्यांनी एकदम चालता येत नाही."

"मव्हं लेकरू पूर्ण सुटाया पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनीही मान डोलावली.

मुसळ सकाळपासून ओळीत होतं, घरून मारायला आणलेलं नव्हतं, हे मला तेव्हा सांगायचं होतं. मी सांगितलंही. आवाज इतका बारीक निघाला की वकिलाला दोनदा "काय म्हणाल्या?" विचारावं लागलं. ऐकल्यावर तो म्हणाला, "बाई, ते खरं असेल. पण मुसळ तिथंच होतं असं आपण म्हटलं, की त्यानं मारलं असं आपणच म्हटल्यासारखं होतं. पहिला रस्ता बंद."

आत्याबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुढं बोलले नाही. त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. आईला कुणी विचारलं, लेकरू पूर्ण पाहिजे का अर्धं, तर ती काय सांगणार?

मग हे संध्याकाळी कंपनीतून आले की वसाहतीत घरोघरी जाऊ लागले. टायरवालीच्या घरी, वरवंटेवालीच्या घरी, टँकरवाल्याकडं. भांडण नाही, दमदाटी नाही, नुसतं हात जोडून. "भाभी, तुम्ही बघितलं नाय एवढंच म्हणा. पोराचं लगीन व्हायचंय." बायकांच्या नवऱ्यांनाही कोर्टाच्या भानगडीत पडायचं नव्हतंच. सगळ्यांनी होकार दिला. मी स्वयंपाक करता करता ऐकायची आणि मनात म्हणायची, ज्या बायकांना मुसळ ओळीत असल्याचं माहीत आहे त्यांनाच आपण गप बसवतोय. त्या तिथं नव्हत्याच म्हणाल्या, तर मुसळही तिथं नव्हतं असंच होणार. हे मी ह्यांना एकदा म्हटलंही. हे म्हणाले, "वकिलापेक्षा तुला जास्त कळतं का?" नाही कळत. ते खरंच होतं.

तारखा पडत राहिल्या. पुढचा पावसाळा बरा झाला, तरी टँकर चालूच होता. मी ओळीत परत मोडकी बादली ठेवू लागले. माझ्या मागं डबा नसायचा. डबेवाली दुसऱ्या टोकाच्या टँकरवर जाऊ लागली होती.

खटला उभा राहिला तेव्हा भावजींना विचारलं, गुन्हा कबूल आहे का. ते नाही म्हणाले. मग साक्षी झाल्या. टायरवाली आली, मला दिसलं नाही म्हणाली. वरवंटेवाली म्हणाली, मी त्या दिवशी माहेरी होते. सरकारी वकिलानं तिला पोलिसांना दिलेला जबाब वाचून दाखवला, तर म्हणाली, "मी असं सांगितलंच नाय." ह्याला साक्षीदार फितूर झाला म्हणतात. एकेक जण फितूर झाला की हे बाहेर येऊन आत्याबाईंना सांगायचे आणि आत्याबाई हात जोडून वर बघायच्या. डॉक्टरांनी सांगितलं की कवटीला आतून तडा गेला होता, आणि असा मार माणूस मरायला पुरेसा असतो. तिथं त्या माणसाला नाव राहिलं नव्हतं. सगळे त्याला मयत म्हणायचे. मयताचे कपडे, मयताचं डोकं. डबेवाली भिंतीला टेकून बसलेली असायची. मयत म्हटलं की ती दर वेळी मान वर करायची.

मला साक्षीला कुणीच बोलावलं नाही. सरकारी वकिलाला मी आरोपीच्या घरची, आणि आमच्या वकिलाला भीती की मी खरं बोलून जाईन.

मग डबेवालीची साक्ष आली. तिनं शपथ घेतली. सरकारी वकिलानं विचारलं, "घटना घडली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"ओळीत."

"ओळीत म्हणजे नक्की कुठं?"

"माझा डबा मुसळाच्या मागं होता."

न्यायाधीशसाहेबांनी मान वर केली. "कसलं मुसळ?"

"ह्येच की." टेबलावर ते ठेवलेलं होतं, कागदाची चिठ्ठी लावून, लाखेचं सील मारून. हळदीचा दोरा अजून होता. "सकाळपासनं ओळीत असतंय ह्ये. ह्यांचा नंबर मुसळ, माझा नंबर डबा. मी ड्रमापाशीच होते, म्हणून तर मला दिसलं. हातभर लांब होते."

साहेबांनी ते सांगितलं, टाइप करणाऱ्यानं उतरवून घेतलं. ती बोलली होती. ज्या गोष्टीचं तोंड आमच्याच लोकांनी बांधलं होतं ती तिच्या तोंडून निघाली होती. पण सरकारी वकील पुढं गेला, मग काय झालं, कुणी मारलं, कुठं मारलं. तिनं सगळं सांगितलं. एकदाच मारलं, हेही सांगितलं. नवऱ्यानं आधी ढकललं, हेही लपवलं नाही.

आमचा वकील उलटतपासणीला उठला.

"सगळ्या बायका पाईपकडं धावल्या. तुम्हीही धावलात. तुम्हाला काही दिसलं नाही, बरोबर?"

"खोटं."

"आधीपासून भांडण होतं म्हणून तुम्ही यांचं नाव घेता."

"खोटं. भांडण नव्हतं कधी." मग म्हणाली, "भांडण असतं तर मनाला एवढं लागलं नसतं."

मी ह्यांची बाही ओढली. "वकिलाला म्हणा ना, मुसळाचं अजून विचारा."

"गप बस," हे दातांवर दात ठेवून म्हणाले. "विचारलं की आपण मारलं असं होतं."

वकील बसला. मुसळाचं कुणीच विचारलं नाही. शेवटी साहेबांनी भावजींना एकेक प्रश्न विचारला, तुमच्याविरुद्ध असं असं आलंय, तुमचं काय म्हणणं? भावजी प्रत्येकाला, वकिलानं सांगितलं होतं तसं, "खोटं आहे," म्हणाले. मुसळ तुमच्या घरातून निघालं, यावर काय म्हणणं? "खोटं आहे." एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मला मान खाली घालण्याशिवाय दुसरं येत नव्हतं.

निकालाच्या दिवशी आत्याबाईंनी पिशवीत भावजींचे धुतलेले कपडे आणले होते, घरी नेताना घालायला.

साहेबांनी डबेवालीवर विश्वास ठेवला. बाकी सगळे फितूर झाले तरी एका खऱ्या साक्षीदारावर कोर्ट निकाल देऊ शकतं, असं वकिलानं नंतर सांगितलं. ती अगदी जवळ होती, तिची जागा तिथंच होती, तिला दिसणं साहजिक होतं. म्हणजे मुसळामागचा डबा साहेबांनी धरला, पण तिला दिसलं एवढ्यापुरता. मुसळाच्या बाबतीत त्यांनी पंचांसमोर लिहिलेला कागद धरला. घरातली जड वस्तू, लोखंडी कडं, डोक्यावर घाव, नंतर धुऊन घरात लपवलेली. अचानक झालं असं आरोपीचंही म्हणणं नाही. खून. जन्मठेप.

मी साहेबांना दोष देत नाही. समोर आलं तेवढं त्यांनी तोललं. आमच्या बाजूच्या पारड्यात आम्हीच काही टाकलं नव्हतं.

आत्याबाई सुटल्या. त्यांना मुसळ धुताना कुणी बघितलं असं शाबीत झालं नाही, संशयाचा फायदा दिला. त्यांना ते कळेना. भावजींना नेणाऱ्या पोलीसबाईचा हात धरून त्या म्हणत होत्या, "धुतलं मीच की बाई. मला ठेवा आत, त्याला सोडा. मीच धुतलं." पोलीसबाई म्हणाली, "आजी, तुम्ही सुटलात, घरी जा." कपड्यांची पिशवी तशीच परत आली.

अपील केलं. अपील म्हणजे वरचं कोर्ट सगळे कागद परत वाचतं, पण कधी वाचेल ते कुणी सांगत नाही. वर्षं गेली. आमच्याकडं रस्ता पूर्ण झाला, मागच्या मोकळ्या रानात सात मजली इमारती झाल्या, कमानी झाल्या. पाइपलाइनसाठी रस्ता खणला, बुजवला, परत खणला. शहराचं नाव बदललं. मधे परत दोन वर्षं पाऊस गेला. आत्याबाई चालत होत्या तोवर हर्सूलच्या तुरुंगात भेटीला जायच्या, नंतर जाता येईना. वारल्या त्या वर्षी त्यांची शुद्ध हरपायची, तेव्हा त्या मला जात्यामागं बघायला सांगायच्या. "मुसळ हाय का बघ." मी बघून यायची आणि "आहे" म्हणायची. भावजींना मातीला आणलं होतं, पोलिसांबरोबर, थोड्या वेळापुरतं.

वरच्या कोर्टासाठी वकील नवीन होता. मी ह्यांच्याबरोबर गेले, सगळं मनाशी जुळवून, या वेळी मोठ्यानं बोलायचं ठरवून. पण मला काही सांगावं लागलं नाही. त्यानं डबेवालीची साक्ष वाचलेली होती आणि त्या एका ओळीवर पेन्सिलीनं खूण केली होती. "आपण काहीही म्हटलेलं असो," तो म्हणाला, "फिर्यादीच्या बाजूच्याच साक्षीत आलंय, तर कोर्टाला ते बघावं लागतं." मग ह्यांना विचारलं, "खालच्या कोर्टात हे का नाही मांडलं?"

हे चपलेकडं बघत राहिले. त्यांच्या मानेवरचे केस पांढरे झालेले मला तेव्हा दिसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

वरच्या कोर्टानं खुनाचं कलम काढलं. अचानक झालेलं भांडण, आधी ढकललं गेलं, एकच घाव, हत्यार पाण्याच्या ओळीत आधीपासून पडलेलं. मारलं हे खरं, त्यानंच माणूस गेला हेही खरं, पण खून नाही. भोगली तेवढी शिक्षा पुरे. मुसळ नष्ट करायचा हुकूम खालीच झालेला होता. कधी जाळलं, कुणी जाळलं, आम्हाला कळलं नाही.

भावजी घरी आले. त्यांचे केस गेले होते. मुली बघायचं कुणी बोललं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाळूजच्या रस्त्याला बसथांब्यावर मला डबेवाली दिसली. एका कंपनीत जेवण करायला जाते असं ऐकलं होतं. मी तोंड फिरवणार होते, पण तिनंच बघितलं.

"सुटला म्हणं."

"व्हय."

"माझ्या बोलण्यावर सुटला म्हणं."

इतकी वर्षं मी तिला एक गोष्ट म्हणायची राखून ठेवली होती. ती काय होती ते मला तिथं सापडेना. उपकार झाले म्हणू? तिच्या नवऱ्याला मारणारा सुटला म्हणून?

"मला घरचे लोक लई बोलले," ती म्हणाली. "कामून मुसळाचं सांगितलं म्हणून. मी म्हणलं, कुठं होतीस म्हणून विचारलं, तर मी कुठं होते ते सांगू नको का? डबा मुसळामागं नव्हता म्हणलं असतं तर मला दिसलं कसं? मग माझा माणूस मेला कुणाच्या हातानं, ते तरी कुणी सांगितलं असतं? तुमच्या लोकांनी तर सगळ्यांना गप बसवलं होतं."

"व्हय," मी म्हणाले.

"तुम्ही तिथंच होता. तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?"

"मला कुणी बोलावलं नाय."

"व्हय. ते बी खरंच." ती हसल्यासारखी झाली. पूर्वीचं हसू नव्हतं ते. मग तिनं पदर खोचला, बस दिसत होती. "त्याला एक सांगा. मला दिसू नको म्हणावं. दिसला तर मला सगळं पहिल्यापासून सांगावं वाटंल, आणि आता विचारायला कुणी नाय."

बस आली. ती चढली. मलाही त्याच बसनं जायचं होतं, पण मी चढले नाही. पुढच्या बसनं गेले.

घरी आले तर भावजी दारात बसले होते. निरोप कसा सांगावा मी वाटभर जुळवत आले होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, उशीर झाला?" मी म्हटलं, "बस चुकली." तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. नळ आलाय आता, पण आठ-आठ दिवस पाणी येत नाही, टँकर लागतोच. हॉर्न ऐकून भावजी उठले, आत गेले आणि दार ओढून घेतलं. आल्या दिवसापासून त्यांचं असंच आहे. टँकर जाईपर्यंत ते बाहेर येत नाहीत.

निरोप सांगायची गरज आहे का, हे मला अजून ठरवता आलं नाही. मी ड्रम घेऊन ओळीत गेले.